आंतरब्राउझर चाचणी साधने

आंतरब्राउझर चाचणी साधने म्हणजे एखादे संकेतस्थळ वेगवेगळ्या ब्राउझरांत, त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत आणि निरनिराळ्या उपकरणांवर अपेक्षेप्रमाणे दिसते व चालते की नाही, हे तपासण्यासाठी वापरली जाणारी संगणकीय साधने होत. मराठीत ब्राउझरसाठी 'न्याहाळक' हा प्रतिशब्दही योजला जातो. मानकांचे पालन मोजणारे चाचणीसंच, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्रणाली, पडद्यावरील प्रतिमांची तुलना करणारी साधने आणि दूरस्थ उपकरणे वापरावयास देणाऱ्या सेवा हे या साधनांचे प्रमुख प्रकार आहेत.

गरज

संकेतस्थळाचे पान एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेले असते. ब्राउझरमधील इंजिन हा मजकूर वाचून त्याचे पडद्यावर रेखाटन करते. सध्या तीन इंजिने प्रामुख्याने वापरात आहेत. क्रोम, एज आणि ऑपेरा हे ब्राउझर ब्लिंक इंजिनावर चालतात, सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर चालतो. एखादी नवी सुविधा एका इंजिनात उपलब्ध असते, तर दुसऱ्यात नसते. काही वेळा ती दोहोंत असूनही तिचा अर्थ थोडा निराळा लावला जातो. संगणक प्रणाली, त्यावरील टंक आणि पडद्याचा आकार यांमुळेही फरक पडतो.

हे फरक दर वेळी केवळ दिसण्यापुरते नसतात. अर्ज पाठवण्याचे बटण झाकले जाणे, दिनांक निवडता न येणे किंवा पान कोरे दिसणे अशा दोषांमुळे वापरकर्त्याचे काम अडते. असा दोष संकेतस्थळ बांधणाऱ्याच्या संगणकावर बहुधा दिसत नाही. वापरकर्त्याला मात्र आपलेच काही चुकले असे वाटते. हे अंतर दूर करणे हा आंतरब्राउझर चाचणीचा मूळ हेतू आहे.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ मध्ये मोझेक, १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आणि १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर हे ब्राउझर आले. नंतरच्या दोघांमधील स्पर्धेत प्रत्येकाने स्वतःपुरत्या सुविधा वाढवल्या. परिणामी एकाच पानाच्या दोन आवृत्त्या लिहिण्याची किंवा 'हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये पाहावे' अशी सूचना पानावर लावण्याची प्रथा रूढ झाली.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने समान मानके ठरवण्याचे काम हाती घेतले. मानकांचे पालन व्हावे यासाठी १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी आलेली ॲसिड १, २००५ मधील ॲसिड २ आणि २००८ मधील ॲसिड ३ या चाचण्यांनी ब्राउझरांतील उणिवा सर्वांना दिसतील अशा रीतीने मांडल्या. ॲसिड २ चे पान अचूक रेखाटले गेले की हसरा चेहरा दिसत असे. चूक झाल्यास तो विस्कटलेला दिसे.

त्या काळात इंटरनेट एक्सप्लोररच्या दोन आवृत्त्या एकाच विंडोज संगणकावर सुखाने नांदत नसत. त्यामुळे चाचणीसाठी अनेक संगणक किंवा आभासी यंत्रे बाळगावी लागत. २००५ मध्ये सुरू झालेल्या ब्राउझरशॉट्स या प्रकल्पात पानाचा पत्ता दिल्यावर निरनिराळ्या संगणकांवरील ब्राउझरांत त्या पानाची चित्रे काढून मिळत. पुढे दूरस्थ सेवांनी हीच कल्पना व्यापक केली. इंटरनेट एक्सप्लोरर ११ या शेवटच्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १५ जून २०२२ रोजी थांबवण्यात आला.

साधनांचे प्रकार

मानक चाचणीसंच व माहितीसारण्या

वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स हा ब्राउझर बनवणाऱ्यांनी एकत्रितपणे जोपासलेला खुला चाचणीसंच आहे. त्याचे निकाल सर्वांना पाहता येतात. २०२२ पासून 'इंटरऑप' या वार्षिक उपक्रमात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आदी संस्था काही सुविधा निवडून त्या सर्व ब्राउझरांत सारख्या चालाव्यात यासाठी प्रयत्न करतात. 'कॅन आय यूज' या संकेतस्थळावर कोणती सुविधा कोणत्या आवृत्तीपासून चालते, याच्या सारण्या आहेत. त्यांच्या आधारे पुष्कळसे दोष चाचणीपूर्वीच टाळता येतात.

स्वयंचलन साधने

ही साधने लिहून दिलेल्या क्रमानुसार ब्राउझर चालवतात: पान उघडणे, मजकूर भरणे, बटण दाबणे आणि निकाल पडताळणे. सेलेनियम हे यांतील जुने व परिचित साधन जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत तयार केले. पुढे सायमन स्टुअर्ट यांचे वेबड्रायव्हर त्यात विलीन झाले. वेबड्रायव्हरमध्ये चाचणीचा कार्यक्रम एका मध्यस्थ चालकाला आज्ञा देतो आणि तो चालक त्या ब्राउझरपर्यंत पोहोचवतो. प्रत्येक ब्राउझरचा चालक निराळा असला, तरी आज्ञांची भाषा एकच असल्याने तीच चाचणी सर्वत्र चालवता येते. जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले प्लेराइट हे साधन क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्हींवर चालते. त्यामुळे विंडोज किंवा लिनक्स संगणकावरही वेबकिटची चाचणी घेता येते. मात्र हे वेबकिट म्हणजे प्रत्यक्ष सफारी नव्हे. ध्वनी व चित्रफितींसारख्या बाबतींत दोघांचे वर्तन भिन्न असू शकते.

प्रतिमा तुलना साधने

या साधनांत पानाची आधी मान्य केलेली प्रतिमा आणि नवी प्रतिमा यांतील फरक बिंदूगणिक शोधला जातो. अक्षरांच्या कडा प्रत्येक प्रणालीवर किंचित वेगळ्या रेखाटल्या जात असल्याने निरुपद्रवी फरकही दोष म्हणून नोंदले जातात. म्हणून किती फरक चालेल याची मर्यादा आधी ठरवावी लागते.

दूरस्थ उपकरण सेवा

सॉस लॅब्ज (स्थापना २००८) आणि ब्राउझरस्टॅक (स्थापना २०११) या या क्षेत्रातील प्रमुख कंपन्या होत. दूरच्या केंद्रातील संगणक व खरे मोबाइल फोन त्या आंतरजालावरून वापरावयास देतात. ब्राउझरस्टॅकची स्थापना आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी मुंबईत केली. या सेवांमुळे स्वतः उपकरणे विकत न घेता चाचणी शक्य होते.

देवनागरी मजकुराची चाचणी

देवनागरीत अक्षरे साठवण्याचा क्रम आणि ती रेखाटण्याचा क्रम एकच नसतो. 'कि' या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी क नंतर साठवली जाते, परंतु दिसते त्याच्या आधी. जोडाक्षरेही रेखाटतानाच जुळवली जातात. ही जुळणी सदोष असल्यास वेलांटी चुकीच्या जागी पडते, अक्षरे सुटी होतात किंवा ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. मराठीत रफार आणि अर्धा ऱ यांतील भेद अर्थ बदलणारा आहे: 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन, 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतही तोच भेद आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या टंकांत ते आढळत नाही. काही टंकांत पानाची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तरच ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे दिसतात.

स्वयंचलन साधने बहुधा साठवलेला मजकूर पडताळतात. रेखाटन बिघडले तरी साठवलेला मजकूर अचूकच असतो, त्यामुळे यंत्राच्या लेखी चाचणी उत्तीर्ण होते आणि वाचकाला मात्र चुकीचे अक्षर दिसते. ओळीची उंची अपुरी ठेवल्याने वरच्या मात्रा किंवा खालचे उकार कापले जाणे हा दोषही असाच निसटतो. म्हणून मराठी संकेतस्थळांसाठी प्रतिमा तुलना आणि मराठी वाचता येणाऱ्या व्यक्तीने केलेली पाहणी या दोन्हींची जोड आवश्यक ठरते.

मर्यादा

ब्राउझर, आवृत्ती, प्रणाली आणि उपकरण यांच्या सर्व जोड्या तपासणे व्यवहार्य नसते. संकेतस्थळाचे वाचक प्रत्यक्षात काय वापरतात, हे पाहून निवड करावी लागते. पण ज्या ब्राउझरमध्ये पान उघडतच नाही, त्याचे वापरकर्ते परत येत नाहीत आणि आकडेवारीत ते कमी दिसतात, ही या पद्धतीतील उणीव आहे.

ब्राउझराच्या नावावरूनही फसगत होऊ शकते. आयफोनवरील क्रोम दीर्घकाळ वेबकिटवरच चालत आला आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघापुरती अन्य इंजिनांना मुभा मिळाली. संगणकावरील क्रोममध्ये झालेली चाचणी आयफोनवरील क्रोमला लागू पडत नाही.

ऑपेराने २०१३ मध्ये आणि एजने २०२० मध्ये स्वतःचे इंजिन सोडून ब्लिंक स्वीकारले. इंजिने कमी झाल्याने चाचणीचे श्रम वाचतात. तथापि एकाच इंजिनापुरती चाचणी घेण्याची सवय वाढल्यास त्या इंजिनाचे वर्तन हेच मानक ठरण्याचा धोका असतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या वर्चस्वकाळात याचा अनुभव आला होता.

हे सुद्धा पहा

ब्राउझर
वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम
सेलेनियम (संगणक प्रणाली)
युनिकोड
देवनागरी