बेकारी एक नसते

'बेकार' हा शब्द आपण फार सहज वापरतो. खरे तर आपल्या बोलण्यात ती अर्धी शिवीच आहे. "बेकार हिंडतोय" म्हटले की दोष त्या माणसाचाच, हे ठरून जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मात्र बेकारीचे प्रकार दिलेले असतात. हंगामी, छुपी, संरचनात्मक वगैरे. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. पण हे प्रकार निव्वळ पुस्तकी नाहीत. माझ्या पिढीने दहा वर्षांत ते डोळ्यांनी पाहिले.

आधी १९७२ चा दुष्काळ. लाल मिलो, सुकडी आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसे, एवढे सांगितले तरी माझ्या वयाच्या वाचकांना सगळे आठवेल. कोरडवाहू गावात तसेही वर्षातले काही महिनेच काम असते. ही हंगामी बेकारी. दोघांच्या शेतात चौघे राबतात आणि दोघे उठून गेले तरी पीक तेवढेच येते. ही छुपी बेकारी. पाऊस गेला आणि दोन्ही एकदम उघड्यावर आल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती.

यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचे जनक वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. आपल्या भागात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, त्यांनी दुष्काळाच्या आधीच या कल्पनेचा प्रयोग केला होता. मागेल त्याला काम, असे ते सूत्र. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबईतल्या पगारदारांप्रमाणे आम्हा शिक्षकांच्याही पगारातून तो कापला जाई. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. हजेरीपटावर खोटी नावे लागली, भ्रष्टाचार झाला, हे खरेच. पण पाझर तलाव, नालाबांध, रस्तेही झाले आणि लाखो चुली पेटत्या राहिल्या. २००५ मध्ये केंद्र सरकारने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हाच अनुभव होता.

हा इलाज लागू का पडला? कारण त्या माणसाचे काम संपले नव्हते, थांबले होते. पाऊस आला की तो आपल्या बांधावर परत जाणार होता. मधले दिवस काढायचे होते, एवढेच.

आता गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे नोकऱ्या गेल्या त्या संपामुळे, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघू लागले होते. बऱ्याच मालकांनी जुन्या यंत्रांवर पैसा घालणे सोडले होते, आणि पुढे तर गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची ठरली. संपाआधीही हजारो 'बदली' कामगार रोज दारात उभे राहून काम मिळते का पाहत. म्हणजे निम्मी बेकारी तेव्हाही होतीच.

हे काम थांबले नव्हते, संपले होते. वीस वर्षे साच्यावर घालवलेल्या विणकराचे कसब एका रात्रीत कवडीमोलाचे झाले. ही संरचनात्मक बेकारी. तिला पाऊस नसतो. रोजगार हमी होती ती ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीच्या कामासाठी. ज्या शहराच्या पगारातून तिला पैसा गेला, त्या शहरातल्या विणकरासाठी त्या कायद्यात जागा नव्हती.

आणि बेकारी एका माणसाशी थांबत नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून बांधली होती. जेवणारेच गेले तेव्हा त्यांच्या भाकऱ्या कोण घेणार? पुष्कळ कामगार कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे गावी परतले आणि भावाच्या दोन एकरांत राबू लागले. सरकारी कागदावर ते बेकार उरले नाहीत. शेतात हात वाढले, धान्य तेवढेच. शहरातली उघडी बेकारी गावात जाऊन छुपी झाली, इतकेच.

म्हणून एखाद्याची नोकरी गेली असे कानावर आले की, "दुसरी बघ की" असे मी पटकन म्हणत नाही. काम थांबले आहे की संपले आहे, हे आधी विचारावे. थांबले असेल तर चार महिन्यांचा आधार पुरतो. संपले असेल तर नवे कसब शिकायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तोवर घर चालवणारे कोणी लागते. पंचेचाळिशीच्या माणसाला हे एकट्याने जमत नाही.

असो. आपल्या नात्यागोत्यात गिरणीतले कोणी असेल तर त्यांच्याजवळ जरा बसा. ते आपणहून फारसे बोलत नाहीत.