बोगद्यापलीकडचा उजेड

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जत सोडून घाट चढू लागते. पहिला बोगदा आला की डब्यातली मुलं ओरडतात. लहानपणी मीही ओरडलो आहे. पण हा बोगदा खोदणाऱ्याला आपल्या कामाचं काय समाधान मिळालं असेल, हा प्रश्न मनात यायला पन्नाशी उलटावी लागली.

बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं. सुमारे १५ मैलांची वाट, १८०० फुटांहून अधिक चढ आणि २५ बोगदे. आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची, कंत्राट विल्यम फॅव्हिएल यांचं. ऐन भरात ४० हजारांवर माणसं इथं राबत होती. सुरुंग होते, कडे होते, पटकीच्या साथी होत्या. माणसं तेही सोसत होती. पण घामाचा दाम मिळेना, तेव्हा त्यांचा धीर सुटला. १८५९च्या जानेवारीत मजुरीच्या तक्रारींवरून दंगा झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडलं.

नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आले आणि काही आठवड्यांतच आजारानं वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिनं मायदेशाची वाट धरली असती, तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या जाणत्या अभियंत्यांवर काम सोपवून ते तडीस नेलं.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. तो दिवस पाहायला बर्कली नव्हते. तब्येत ढासळून ते इंग्लंडला परतले आणि १८६२ साली वारले. ज्यानं घाट कागदावर पाहिला, त्याला तो डोळ्यांनी पुरा पाहता आला नाही.

बांधकामावरच्या माणसाचं समाधान असं असतं. बांधलेलं घर दुसऱ्याचं, पुलावरून जाणारी गाडी दुसऱ्याची. 'हे मी केलं' एवढंच त्याचं स्वतःचं. पण तेही उपाशीपोटी म्हणता येत नाही, हे १८५९नं दाखवून दिलं. आधी वेळेवर दाम, जिवाची हमी, मग अभिमान.

आजही कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव ठळक असतं. साइटवर उन्हात उभा राहणारा इंजिनियर, ओळंबा धरणारा मिस्त्री, त्यांची नावं कुठंच नसतात. पुढच्या वेळी बोगदा आला की मुलांना ओरडू द्या. मग उजेडात आल्यावर त्यांना एवढं जरूर सांगा, हा उजेड कुणीतरी खोदून काढला आहे.