ड्राफ्ट आणि महाविद्यालयीन पात्रता (बास्केटबॉल)

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे संघ दरवर्षी ज्या निवडप्रक्रियेत नव्या खेळाडूंवरील हक्क क्रमाक्रमाने घेतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. शालेय शिक्षण संपल्यावर चार वर्षे उलटल्याशिवाय खेळाडूला घ्यायचे नाही, हा जुना दंडक स्पेन्सर हेवूडने न्यायालयात आव्हान देऊन १९७१ मध्ये मोडून काढला. पुढे केव्हिन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६) व लेब्रॉन जेम्स (२००३) थेट शाळेतून व्यावसायिक खेळात आले. मात्र २००५ च्या करारानुसार अमेरिकी खेळाडूला किमान १९ वर्षे वय आणि शाळेनंतर एका वर्षाचा काळ आवश्यक ठरला. त्यामुळे अनेक गुणी खेळाडू विद्यापीठात जेमतेम एक हंगाम काढू लागले, आणि या शिक्षणाला नाममात्रच म्हणावे लागते.

महाविद्यालयीन स्पर्धांत खेळण्याचा हक्क, म्हणजे पात्रता, एनसीएए ही संस्था ठरवते. ड्राफ्टसाठी नाव देऊन संघांसमोर चाचण्या दिलेला खेळाडू विहित मुदतीत नाव मागे घेतल्यास ही पात्रता टिकवू शकतो. पहिल्या फेरीत निवड झाल्यास वेतनाची हमी असते, दुसऱ्या फेरीत ती नसते; म्हणून मधल्या दर्जाच्या खेळाडूचा निर्णय सर्वांत कठीण असतो. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंद ठेवणारे ‘ट्रान्स्फर पोर्टल’ २०१८ मध्ये सुरू झाले. पूर्वी अशा बदलानंतर बहुधा एक वर्ष बाहेर बसावे लागे, ती अट २०२१ पासून शिथिल झाली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा वापरू देऊन मोबदला घेण्याची मुभा मिळाल्याने विद्यापीठात राहणे अनेकांना ड्राफ्टपेक्षाही किफायतशीर वाटू लागले.