कानपूर इंडो-अमेरिकन कार्यक्रम (१९६२–७२)

विद्यापीठांमधील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खर्च कोण उचलतो आणि का, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी विचारावा. खरगपूरनंतरच्या आयआयटी पाहा. मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत मिळाली, मद्रासला पश्चिम जर्मनीची, दिल्लीला ब्रिटनची. कानपूरच्या वाट्याला अमेरिका आली. शीतयुद्धाच्या काळात अलिप्ततावादी भारताला दोन्ही गटांकडून मदत मिळाली, ती काही निव्वळ ज्ञानप्रेमापोटी नव्हे.

कानपूरचा खर्च अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेने केला. काम एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली आदी नऊ संस्थांच्या गटाकडे होते. मदत मुख्यतः पाहुणे प्राध्यापक, यंत्रे व ग्रंथ, आणि भारतीय अध्यापकांचे अमेरिकेतील प्रशिक्षण या रूपांत आली. १९६३ मध्ये आयबीएम १६२० संगणक आला. तो केवळ संशोधकांपुरता न ठेवता पदवीच्या विद्यार्थ्यांनाही वापरू दिला गेला. माझ्या मते यंत्रापेक्षा हा निर्णय मोलाचा. संचालक पु. का. केळकर पूर्वी मुंबई आयआयटीच्या उभारणीत होते. परकी मदत संस्थेच्या गरजेनुसार कशी वळवावी, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

१९७१ च्या युद्धात भारत-अमेरिका संबंध बिघडले. १९७२ मध्ये कार्यक्रम संपला. तोवर संगणकाचे वर्ग भारतीय अध्यापकच घेत होते; त्यांपैकी व्ही. राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक १९६९ मध्येच निघाले होते.