खरवडलेलं लेबल

पेठ वडगावात मिरवणुकीत डॉल्बी सुरू झाला की गाण्याच्या मधेच एक भारदस्त आवाज डीजेचं नाव पुकारतो. डीजेंच्या भाषेत हा ‘टॅग’. ट्रॅक ढापून दुसऱ्याने वाजवला तरी नाव तो तयार करणाऱ्याचंच गाजावं, ही त्यामागची युक्ती. बिनटॅगची फाइल हवी तर ओळख लागते.

या राखणीचं कूळ जमैकातल्या किंग्स्टनमध्ये सापडतं. १९५०च्या दशकात तिथेही स्पीकरच्या थप्प्या लागत आणि साउंड सिस्टिमवाल्यांत आपल्या मंडळांसारखीच ईर्षा असे. क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड अमेरिकेतून तबकड्या आणायचा आणि त्यांची लेबलं खरवडून टाकायचा. विलिस जॅक्सनच्या ‘लेटर फॉर द गेटर’चं त्याने ‘कॉक्सन हॉप’ असं बारसंच केलं. ड्यूक रीड हा त्याचा प्रतिस्पर्धी; त्याने मूळ तबकडी हुडकली आणि जाहीर वाजवली. गाणं तेच, सॅक्सोफोन तोच, पण कॉक्सनची मिरास गेली.

पुढे खरवडायची गरजच उरली नाही, कारण गाण्याची एकच प्रत निघू लागली. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर, त्यात कोरलेलं गाणं: ही डबप्लेट. काही डझन वेळा वाजवली की झिजून जायची. जमैकन कुटुंबांबरोबर ती लंडनला पोचली आणि नव्वदच्या दशकात ‘जंगल’ हा संगीतप्रकार वाजवणारे डीजे दुकानात न आलेलं संगीत तिच्यावर घेऊन फिरू लागले. ‘डब’ या जमैकन संगीतावर जीव असलेल्या बर्लिनच्या ‘बेसिक चॅनल’ या जोडीने १९९३ पासून काढलेल्या तबकड्यांवर तर नावाची अक्षरंच हळूहळू विस्कटत नेली. मला यात थोडा नखराही दिसतो.

कारण मुंबईचे वादक चरणजित सिंग आठवतात. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तबकडी एचएमव्हीची, लेबल शाबूत, नाव ठळक. तरी कुणी फारसं विचारलं नाही. २०१० साली हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा आवाज त्याच्याही काही वर्षं आधी मुंबईत वाजल्याचं ऐकून लोक चक्रावले. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांनी मग युरोपात जाऊन तेच राग वाजवले.