वाट दाखवणारा माणूस : प्रस्तावना

घर घ्यायचे किंवा विकायचे ठरले की वकील आणि बँक यांच्याही आधी आपण गाठतो ते एजंटला. आयुष्यभराची पुंजी ज्या व्यवहारात जाते त्याचा पहिला उंबरठा हा माणूस, आणि तरी त्याची निवड आपण सर्वांत कमी विचाराने करतो. वॉचमनने नंबर दिला, फोन लावला, संध्याकाळी फ्लॅट पाहून आलो. ही निवड डोळसपणे कशी करावी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कायदा, अर्थशास्त्र आणि शहरातला रोजचा अनुभव या तिन्ही वाटांनी त्याकडे जाता येते.

आधी शब्दाकडे पाहू. 'दलाल' हा शब्द मराठीत पार बदनाम झाला आहे. मुळात तो अरबी, 'दाखवणे, वाट दाखवणे' अशा अर्थाच्या धातूपासून आलेला. पुरावा या अर्थाचा 'दलील' हा शब्दही त्याच धातूचा. चांगल्या एजंटची व्याख्या या दोन शब्दांत जवळपास पूर्ण होते : जो वाट दाखवतो आणि पुराव्यानिशी दाखवतो.

कायद्याने या नात्याचा विचार फार पूर्वी केला आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे दहावे प्रकरण एजन्सीवर आहे. त्यातले कलम २१२ सांगते, की त्या धंद्यातल्या माणसांकडे सर्वसाधारणपणे असते तेवढे कौशल्य एजंटने वापरले पाहिजे. मात्र त्याच्याकडे ते नाही हे काम सोपवणाऱ्याला ठाऊक असेल, तर ही अपेक्षा उरत नाही. अपवादाचे हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. माणूस कच्चा आहे हे माहीत असूनही 'ओळखीचा आहे' म्हणून त्याच्यावर काम सोपवले, तर पुढे तक्रारीचा आधारच ढिला होतो.

अर्थशास्त्राने दुसरी बाजू उजेडात आणली. विकणाऱ्याला मालाची जेवढी माहिती असते तेवढी घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजारच कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. पुढे स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्रीचे व्यवहार तपासले. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असे त्यांना २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. कारण साधे आहे. दलाली १ टक्का धरली, तर फ्लॅटचे २ लाख जास्त आले तरी एजंटच्या हाती २,००० रुपयेच पडतात. त्यासाठी आणखी दोन आठवडे थांबणे त्याला परवडत नाही. त्यात आपल्याकडे दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याची पद्धत सर्रास आहे. म्हणून 'तुम्ही कोणाच्या बाजूने?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. त्यात उद्धटपणा काहीही नाही.

एजंट निवडताना आपण बहुतेकदा 'अनुभवी' माणूस शोधतो. आता या शब्दाविषयी. पुण्यात कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत एका परिचितांसाठी फ्लॅट पाहायला मी सोबत गेले होते. हवा-उजेड उत्तम, भावही जुळत आलेला, टोकनचा चेक लिहायचा तेवढा बाकी. सोबतच्या वयस्क एजंटने शेअर सर्टिफिकेट हातात घेतले आणि सगळ्यात आधी ते उलटे केले. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. शेवटची नोंद मालकीणबाईंच्या नावाची होती, पतीच्या निधनानंतर नॉमिनी म्हणून झालेली. एजंटने हळू आवाजात विचारले, "काकू, मुलं किती?" दोन. धाकटी मुलगी परदेशात. "तिचं हक्कसोडपत्र झालंय का, नोंदणीकृत?" झाले नव्हते. सोसायटीने नॉमिनीचे नाव लावले म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. काकूंना हे कोणी सांगितलेच नव्हते. चेकबुक परत पिशवीत गेले, एजंटची दलाली लांबली. हक्कसोडपत्राची नोंदणी झाल्यावर तोच व्यवहार तिथेच पार पडला. अनुभव म्हणतात तो हा. तो वर्षांत मोजता येत नाही. कागद कुठे उलटायचा आणि दलाली समोर दिसत असताना कुठे थांबायचे, हे कळण्यात तो असतो.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने या अनुभवाला जबाबदारीची चौकट दिली. नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटला कलम ९ नुसार स्वतःची नोंदणी करावी लागते. कलम १० नुसार, नोंदणी आवश्यक असूनही ती न केलेल्या प्रकल्पात विकासक विकत असलेले घर त्याला विकता येत नाही, हिशेबाची पुस्तके ठेवावी लागतात आणि ग्राहकाला त्याच्या हक्काची माहिती व कागदपत्रे मिळतील हे पाहावे लागते. या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक कोणालाही तपासता येतो. पण महारेरात नोंद नसलेल्या जुन्या इमारतीतल्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीला हे कवच नाही, आणि आपल्या शहरांतले कितीतरी व्यवहार अशाच इमारतींत होतात. तिथे इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), आधीच्या करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची थकबाकी आणि बँकेचा बोजा हे सगळे पाहणारी नजरच उपयोगी पडते. अशी नजर असलेला एजंट स्वतःहून वकिलाकडे जायला सांगतो. वकिलाची गरज नाही म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

या क्षेत्रात प्रामाणिकपणे आयुष्य घालवलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांचे काम नीट समजून घेतले, तरच त्यांची कदर होईल आणि भामट्यांची सद्दी संपेल. म्हणून वाचकांना एकच विनंती : पुढच्या वेळी एजंटला भेटाल तेव्हा भाव विचारण्याआधी दलाली कोण किती देणार हे लेखी मागा, त्याने पार पाडलेल्या व्यवहारांपैकी दोन कुटुंबांशी बोला आणि घराचे कागद त्याच्यासमोर ठेवा. तो ते कसे वाचतो, ते शांतपणे पाहा.