लाल तारीख नेमकी कुणाची?

लहानपणी घरात नवीन कॅलेंडर आलं की मी आधी लाल तारखा मोजायचो. वडील मात्र त्या भानगडीत पडायचे नाहीत. ते एका खाजगी कारखान्यात कामाला. माझी लाल तारीख त्यांच्यासाठी बऱ्याचदा काळीच असायची. "ती सुट्टी सरकारी आहे रे," एवढंच म्हणायचे. पीएचडीसाठी जुने कायदे चाळायला लागलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला.

महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं. आपण थेट यादीवर जातो, वरचा मजकूर सोडून देतो. तिथे आधार दिलेला असतो परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ चा. म्हणजे चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा कायदा! चेक बाउन्स झाला की ज्याचं कलम १३८ लागतं, तोच.

आता सुट्टीचा आणि वचनचिठ्ठीचा संबंध काय? प्रश्न व्यवहाराचा होता. पैसे चुकवायची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर? कायदा म्हणतो, त्याआधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असं धरा. मग 'सार्वजनिक सुट्टी' म्हणजे काय, तेही सांगणं आलं. रविवार कायद्यानेच त्यात धरला. बाकीचे दिवस सरकारने राजपत्रात जाहीर करायचे. थोडक्यात, हे कलम पैशाची मुदत कधी भरते ते सांगतं. कारखान्यातल्या माणसाला घरी बसता येईल का, याबद्दल ते काहीच बोलत नाही.

गंमत बघा, त्याच १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात बालकामगारांना महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या. मोठ्यांना एकही नाही. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईत सभा घेतल्या, अर्ज केले. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

म्हणजे एकाच रविवारचे हे दोन इतिहास आहेत: एक राजपत्रातला, एक गिरणगावातला. त्यातला दुसरा मागून, भांडून मिळाला.

ही फट अजून बुजलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि परस्पर संमतीने ठरवायच्या चार सणांच्या. पण हा नियम मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. नऊजणांच्या दुकानातल्या पोऱ्याचं काय?

म्हणून आता कॅलेंडर हातात आलं की मी तारखा मोजत नाही. त्या दिवशी कामावर कोण असणार आहे, ते आधी आठवतं.